वॉट निम्मे, आवाज तेवढाच!

गिटारच्या ट्यूब ॲम्पच्या पाठीमागे बऱ्याचदा एक छोटं बटण असतं. कुठे त्यावर ‘४०/२०’ लिहिलेलं, कुठे ‘२०/५’, कुठे नुसतंच ‘हाय’ आणि ‘लो’. बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कॉलेजात जाणारा मुलगा राहतो असं समजा. वर्षभर पैसे साठवून त्याने असा एक सेकंडहँड ॲम्प घरी आणला आहे. पहिल्याच संध्याकाळी खालच्या काकू जिना चढून येतात, “अरे, काकांचा आत्ताच डोळा लागलाय, जरा हळू वाजव ना रे.” मुलगा गुणी आहे. तो मागचं बटण दाबतो, चाळीसाचे वीस वॉट करतो, पुन्हा तार छेडतो आणि चक्रावतो. आवाज जवळजवळ होता तेवढाच! बटण बिघडलंय, की दुकानदाराने फसवलं?

बटण चांगलं असतं आणि दुकानदारही सहसा निर्दोष असतो. गडबड आपल्या हिशेबात असते. पगार निम्मा झाला तर खर्चाला पैसे निम्मे उरतात, तसंच वॉट निम्मे झाले की आवाजही निम्मा होणार, असं आपण धरून चालतो. कानाचा जमाखर्च वेगळ्या वहीत मांडलेला असतो. शिवाय हे बटण आवाज कमी करायला दिलेलंच नसतं. मग ते कशासाठी दिलेलं असतं?

ही ट्यूब कोणती?

गिटारवाल्याच्या तोंडी ‘ट्यूब’ हा शब्द आला की घरातल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची ट्यूबलाइट येते. ही ट्यूब म्हणजे आजोबांच्या पिढीचा व्हॉल्व्ह. मर्फीचा किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ लावला की बातम्या लगेच ऐकू येत नसत. आतले व्हॉल्व्ह लालसर होऊन तापेपर्यंत थांबावं लागे. गिटारचा ट्यूब ॲम्प आजही तसाच आहे. चालू करायचा, तो तापेपर्यंत तारा सुरात लावून घ्यायच्या आणि मग वाजवायला बसायचं.

हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटला काहीशे व्होल्टचा धन विद्युतदाब दिलेला असतो, ती त्यांना ओढून घेते. दोघांच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते. या जाळीवरचा दाब किंचित बदलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. धरणाच्या दरवाजाची कळ फिरवायला थोडंसं बळ पुरतं, पण त्यावर हलतो तो सगळा लोंढा. गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून येणारा दुबळा संकेत असा जाळीवर येतो आणि पलीकडून स्पीकर हलवण्याइतका बलवान होऊन निघतो. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने १९०६ साली ही जाळी आणली. कॅथोड, जाळी आणि प्लेट अशा तीन अंगांची ही नळी म्हणजे ट्रायोड. पुढे १९२६ साली फिलिप्स कंपनीत काम करणाऱ्या बर्नार्ड टेलेगेनने पाच अंगांची, म्हणजे आणखी दोन जाळ्या असलेली नळी तयार केली. ती पेंटोड. ही दोन नावं लक्षात ठेवू, कारण बटणाच्या पोटात यांतलीच एक गंमत दडलेली आहे.

भारतातही व्हॉल्व्ह बनत. १९६० च्या दशकात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी रेडिओचे व्हॉल्व्ह तयार करत होती. ट्रान्झिस्टर आला आणि घराघरांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र तो सोडला नाही. गंमत म्हणजे त्यांना त्यातला दोषच आवडला होता.

सोसायटीच्या पूजेला भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरचं बटण कुणी शेवटपर्यंत पिळलं की आपण ओरडतो, “अरे, आवाज फाटतोय!” ॲम्प आपल्या ताकदीच्या टोकाला पोचला की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात, आणि त्यालाच आपण फाटणं म्हणतो. गाणाऱ्याच्या गळ्यासाठी ती आपत्ती असते, रॉक आणि ब्लूज गिटारसाठी मात्र तोच अलंकार ठरला. ट्रान्झिस्टरमध्ये हे माथे सुरीने कापावेत तसे सपाट होतात. ट्यूब ॲम्पमध्ये ते आधी दबतात, मग गोलसर होत होत कापले जातात. तार हळू छेडली तर स्वच्छ स्वर आणि जोरात छेडली तर खरखरीत. हातातला हा फरक ट्यूब फार छान सांभाळते. अडचण इतकीच, की ही गोडी मिळवायची तर ॲम्पला त्याच्या टोकापर्यंत न्यावं लागतं. चाळीस वॉटचं टोक गाठेपर्यंत वरचे, खालचे आणि शेजारचे असे सगळे दारात उभे असतात.

पन्नास ढोल, पंचवीस ढोल

आता कानाचा हिशेब. गणपतीच्या दिवसांत घाटकोपर-मुलुंडच्या रस्त्यांवर ढोलताशा पथकं निघतात. एखाद्या पथकात पन्नास ढोल आहेत आणि वाजवता वाजवता निम्मे वादक पाणी प्यायला बाजूला झाले. पंचवीस उरले. हवेत जाणारी ध्वनीची शक्ती बरोबर निम्मी झाली. फुटपाथवर उभे राहून डोळे मिटून ऐकणाऱ्याला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटेल का? मुळीच नाही. “थोडा उतरला वाटतं,” एवढंच तो म्हणेल. आवाज निम्मा झाला असं त्याला वाटायला हवं असेल तर पन्नासातले पाचच ढोल उरावे लागतील.

हाच हिशेब शास्त्रज्ञ डेसिबलमध्ये मांडतात. शक्ती निम्मी झाली की पातळी ३ डेसिबलने उतरते, दहावा हिस्सा उरली की १० डेसिबलने आणि शंभरावा हिस्सा उरली की २० डेसिबलने. साधारण माणसाला ३ डेसिबलचा फरक कळतो, पण तो किरकोळ वाटतो. आवाज निम्मा झाला असं वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. निसर्गाने कान असा केला म्हणूनच आपण पानांची सळसळही ऐकतो आणि फाटकावर उभे असताना शेजारून सुसाट जाणारी फास्ट लोकलही सहन करतो. या दोन आवाजांच्या शक्तीत कोट्यवधी पटींचं अंतर असतं.

आता ॲम्पवरचे आकडे वाचून पाहा. ४० वरून २० वॉट म्हणजे ३ डेसिबल. पन्नास ढोलांचे पंचवीस. मार्शल कंपनीच्या एका छोट्या ॲम्पवर २० आणि ५ वॉट असे पर्याय आहेत, तिथे उतार ६ डेसिबलचा. ब्लॅकस्टारच्या एका ॲम्पवर २० आणि २ वॉट आहेत. तिथे १० डेसिबल, म्हणजे कानाला अर्धा आवाज. व्हॉक्सच्या ‘एसी ४ टीव्ही’ या चिमुकल्या ॲम्पवर ४ वॉट, १ वॉट आणि पाव वॉट अशा तीन पायऱ्या आहेत. दर पायरीला शक्ती चौथाई होते, म्हणून प्रत्येक पायरी ६ डेसिबलची. अगदी तळाच्या पाव वॉटवरही तो ४ वॉटच्या मानाने फक्त १२ डेसिबल खाली असतो. सोळापट शक्ती कमी झाली, तरी कानाला आवाज निम्म्याहून थोडाच कमी वाटतो.

माळा खाली आला

पण बोरिवलीच्या मुलाला तर ३ डेसिबलचाही फरक जाणवला नव्हता. याचं कारण वेगळं आहे, आणि या बटणाचं मर्मही तेच.

जुन्या चाळीतल्या खोलीत माळा असतो. समजा माळ्याची फळी फूटभर खाली आणली. खालून ये-जा करणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला काही फरक पडेल का? त्याला पत्ताही लागणार नाही. सहा फुटी मामा मात्र आला की कपाळमोक्ष. ॲम्पची कमाल शक्ती म्हणजे हा माळा आणि गिटारचा संकेत म्हणजे खालून जाणारा माणूस. कमी वॉटचं बटण माळा खाली आणतं. माणसाची उंची ते जवळजवळ बदलत नाही.

माणसाची उंची ठरते ती व्हॉल्यूमच्या खुंटीने आणि बोटांच्या जोराने. खुंटी दीडवर असेल तर संकेत माळ्यापासून बराच खाली असतो. अशा वेळी माळा चाळीस वॉटवर असो की वीसवर, स्पीकरमधून तेवढाच आवाज येणार. खुंटी सहा-सातवर नेली तर मात्र लाटेचे माथे माळ्यावर आपटायला लागतात. वीस वॉटमध्ये ते आधी आपटतात, चाळीस वॉटमध्ये जरा उशिरा. म्हणजे या बटणाने बदलतं ते आवाज फाटायला लागण्याचं ठिकाण.

माळा किती खाली येतो तेही पाहू. शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वॉट निम्मे झाले तरी लाटेला मिळणारी उंची निम्मी होत नाही, ती सुमारे ७१ टक्के उरते. उंची खरोखर निम्मी करायची तर वॉट चौथाई करावे लागतात.

यात आणखी एक मेख आहे. कंपनी ‘४० वॉट’ लिहिते तेव्हा तो सहसा बऱ्यापैकी स्वच्छ आवाजाचा आकडा असतो. लाट पुरती फाटून चौकोनी झाली की तेवढ्याच उंचीत जवळजवळ दुप्पट शक्ती मावते. म्हणजे वीस वॉटवर पुरता फाटलेला ॲम्प आणि चाळीस वॉटवर स्वच्छ वाजणारा ॲम्प हे दोघं जवळजवळ सारखीच शक्ती स्पीकरला देत असतात. वर फाटलेल्या आवाजात चढउतार कमी असतात आणि तो सतत अंगावर येतो, त्यामुळे कधी कधी कानाला जास्तच मोठा वाटतो. बटण दाबून ‘गोड फाटावं’ म्हणून खुंटी वाढवणाऱ्याला शेजारी अधिकच रागावलेले दिसतात, ते यामुळे.

व्हॉल्यूमची खुंटीही सरळ चालीची नसते. तिचं फिरणं कानाच्या हिशेबाला जुळवून केलेलं असतं, आणि ज्या ॲम्पवर शेवटच्या टप्प्याला किती द्यायचं ते ठरवणारा वेगळा मास्टर व्हॉल्यूम नसतो तिथे पुष्कळदा चार-पाचच्या आसपासच सगळे वॉट खर्च झालेले असतात. पाचपासून दहापर्यंत आवाज फारसा वाढत नाही, फाटणं तेवढं वाढतं. ‘मी फक्त निम्म्यावर ठेवलाय’ ही सबब म्हणूनच काकूंना पटत नाही, आणि काकूंचंच खरं असतं.

बटणाच्या पोटात काय?

कंपन्या वॉट कमी करतात त्याच्या मुख्य तऱ्हा चार.

पहिली तऱ्हा पेंटोडला ट्रायोड बनवण्याची. शेवटच्या, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या ट्यूब बहुधा पेंटोड किंवा त्यांच्या जवळच्या जातीच्या असतात. गिटारच्या ॲम्पमध्ये ईएल ३४, ईएल ८४ आणि ६एल६ ही त्यांची नेहमीची नावं. बटण दाबलं की त्यांची दुसरी जाळी प्लेटला जोडली जाते आणि ट्यूब ट्रायोडसारखी वागू लागते. शक्ती साधारण निम्मी होते, कधी त्याहूनही कमी. या तऱ्हेत स्वरही पालटतो. वरची धार बोथट होते आणि आवाज मऊ वाटतो. खुंटी खाली असतानाही इथे थोडा फरक ऐकू येतो. तो मुख्यतः पोताचा असतो, आवाज कमी होण्याचा भाग त्यात थोडाच.

दुसरी तऱ्हा ट्यूब कमी करण्याची. शंभर वॉटच्या मार्शलमध्ये चार ईएल ३४ असतात. त्यांतल्या दोन काढल्या की सुमारे पन्नास वॉट उरतात. पण उरलेल्या दोघींना चौघींसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जुळत नाही. म्हणून मागचा ओहमचा सिलेक्टर स्पीकरच्या निम्म्यावर आणावा लागतो. स्पीकरचं कॅबिनेट १६ ओहमचं असेल तर सिलेक्टर ८ वर. एवढा खटाटोप करून पदरात पडतात ते तेच ३ डेसिबल.

तिसरी तऱ्हा प्लेटला मिळणारा विद्युतदाब उतरवण्याची. दाब निम्मा झाला की शक्ती चौथाईच्या आसपास येते. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने याचा रांगडा प्रयोग केला होता. व्हेरिॲक नावाचं यंत्र लावून त्याने अमेरिकेतल्या १२० व्होल्टऐवजी ९० व्होल्टच्या आसपास वीज आपल्या मार्शलला दिली. ॲम्प लवकर फाटावा, हा त्यामागचा हेतू. पण भिंतीतून येणारा दाबच उतरवला तर ट्यूबच्या आतला तापकही थंडावतो आणि ट्यूबच्या आयुष्यावर परिणाम होतो. म्हणून ‘स्टॅबिलायझर लावून मीपण करून बघतो’ असं कुणीही करू नये. आजच्या चांगल्या ॲम्पमध्ये हे काम तापकाला हात न लावता होतं.

चौथी तऱ्हा ट्यूबचा बायस, म्हणजे काही न वाजवताही तिच्यातून वाहणारा प्रवाह कसा ठरवायचा, ती व्यवस्थाच बदलण्याची. काही ॲम्पमध्ये दोन तऱ्हा एकत्रही वापरतात.

यांतल्या बहुतेक तऱ्हांत ट्यूब तापवणारी वीज तेवढीच लागते. एका ईएल ३४ चा तापक ६.३ व्होल्टवर दीड ॲम्पियर घेतो, म्हणजे साडेनऊ वॉट, काही वाजवा किंवा वाजवू नका. तेव्हा वॉट निम्मे करून अंधेरीतलं अदानीचं किंवा मुलुंडमधलं महावितरणचं बिल निम्मं होईल ही आशाही सोडून द्यावी.

इतके वॉट आले कुठून?

जे घरी वापरताच येत नाहीत एवढे वॉट बनवले तरी कशासाठी? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गायकाच्या माइकसाठी सभागृहात लाउडस्पीकर असत, पण गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची जबाबदारी गिटारच्याच ॲम्पवर असे. पश्चिम लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणारे जिम मार्शल मूळचे ड्रमवादक. १९६५ च्या सुमारास द हू या बँडच्या पीट टाउनशेंडने त्यांच्याकडे आणखी मोठ्या ॲम्पचा हट्ट धरला आणि शंभर वॉटचा मार्शल जन्माला आला. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांवर प्रेक्षकांपुढे उभे राहिले ते शंभर वॉटचे व्हॉक्स ॲम्प घेऊन. तरीही पोरींच्या किंकाळ्यांपुढे गिटार ऐकू आली नाही, हा इतिहास आहे.

मुंबईच्या रॉक बँडनी ही परंपरा उचलली. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि रॉक ऐकणाऱ्यांच्या पिढ्या तिथे घडल्या. आसपास रुग्णालयं आणि महाविद्यालयं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातला दणदणाट थांबला. पुढे काही वर्षं हा महोत्सव उपनगरात, अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरत असे. आवाजाचे कायदे आणि गिटार यांचं भांडण या शहराला नवं नाही.

आज मंचावर ॲम्पपुढे माइक ठेवतात आणि मैदानापर्यंत आवाज पोचवायचं काम मोठ्या लाउडस्पीकरांकडे असतं. स्टुडिओत तर लहान ॲम्पलाच मान. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीत ध्वनिमुद्रण करताना पाच वॉटचा, जेवणाच्या डब्यांच्या पिशवीएवढा फेंडर चँप वापरला होता. शंभर वॉटची गरज संपली. तिचा रुबाब तेवढा उरला.

वन बीएचकेतलं गणित

आता आपल्या घरात या. इथे वॉटपेक्षाही मोठा खेळाडू आहे, तो म्हणजे स्पीकर. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज करतो, याला त्याची संवेदनशीलता म्हणतात. सेलेस्टियन कंपनीचा लोकप्रिय ग्रीनबॅक स्पीकर ९८ डेसिबलचा आहे आणि व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. म्हणजे ग्रीनबॅकला एकच वॉट दिला तरी ९८ डेसिबल! चाळीस वॉट दिले तर ११४, वीसला १११, चारला १०४. उलट दिशेने गेलं तर दशांश वॉटला ८८ आणि शतांश वॉटला ७८. घरात बसून माणसासारखं वाजवताना स्पीकरला जाते ती शक्ती अशी वॉटच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. तिथे चाळीस आणि वीस हा वाद म्हणजे डोक्यापासून तीन मजले वर असलेल्या माळ्याची उंची मोजत बसणं.

मिरवणुकीतला भोंगा आठवा. त्याच्यामागचा ॲम्प फार मोठा नसला तरी तो सगळी गल्ली हादरवतो, कारण भोंगा हा अतिसंवेदनशील स्पीकर आहे. हेच उलटं वापरता येतं. १०० डेसिबलच्या स्पीकरजागी ९७ चा बसवला तर चाळीसचे वीस वॉट केल्याइतकाच उतार मिळतो. शिवाय तो खुंटी कुठेही असली तरी मिळतो.

आता भिंत. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची वीटभिंत साधारण ४० डेसिबल अडवते असं धरू. चाळीस वॉटवर शेजारच्या खोलीत सत्तरीच्या पुढे आवाज पोचेल, वीस वॉटवरही सत्तरच्या आसपासच. शतांश वॉटवर तो चाळिशीच्या आत येईल आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीत बुडून जाईल. हा कागदावरचा हिशेब झाला. खिडकी उघडी असली तर तो कोसळतो, कारण उपनगरातल्या दोन इमारतींमधली गल्ली आवाजाला नळीसारखी वर पोचवते. आणि ॲम्प थेट जमिनीवर ठेवला तर त्याचा खर्ज स्लॅबमधूनच काकूंच्या पलंगापर्यंत उतरतो.

कायद्याचे आकडेही माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. रात्री दहानंतर सभागृहासारख्या बंद जागा सोडल्या तर वाद्य आणि ॲम्प्लिफायर दोन्हींना मनाई आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळले जावेत म्हणून सविस्तर निकाल दिला. तो मुख्यतः उत्सवांच्या आवाजाबद्दल होता, पण नियम मंडपाला आणि आपल्या बेडरूमला सारखेच लागू आहेत.

मग करायचं काय?

खरोखर आवाज उतरवायचा असेल तर तो माळ्याच्या पुढे, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये उतरवावा लागतो. त्यासाठी अटेन्युएटर मिळतो. बोस्टन या बँडचा टॉम शोल्झ मूळचा एमआयटीत शिकलेला इंजिनियर. त्याने १९८० च्या सुमारास ‘पॉवर सोक’ नावाचं असं उपकरण बाजारात आणलं. हे उपकरण ॲम्पची बरीचशी शक्ती पिऊन तिची उष्णता करतं. चाळीस वॉटचा ॲम्प १० डेसिबलने उतरवला तर स्पीकरला ४ वॉट मिळतात आणि उरलेले ३६ वॉट त्या डब्यात तापतात. म्हणून तो हवेशीर ठेवावा लागतो. याचीच पुढची पायरी म्हणजे लोडबॉक्स. तो सगळीच शक्ती पितो, स्पीकरच्या गुणधर्मांची डिजिटल नक्कल करतो आणि आवाज हेडफोनमध्ये देतो. रात्री अकराला ॲम्प पूर्ण फाटतोय आणि घरात ऐकू येतोय फक्त पंख्याचा आवाज, हे आता शक्य आहे.

मास्टर व्हॉल्यूम असलेल्या ॲम्पवर आधीच्या टप्प्यातल्या छोट्या ट्यूब फाडून शेवटच्या टप्प्याला थोडंच द्यायचं, हाही राजमार्ग आहे. मोठ्या ट्यूबचा दाबलेपणा त्यात मिळत नाही, पण घरी त्यावाचून फारसं अडत नाही.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवा. हळू आवाज आपोआप पोकळ वाटतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू झाला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा बराच जास्त मंद वाटतो. हा कानाचाच स्वभाव आहे. अशा वेळी वॉट वाढवण्यापेक्षा बास थोडा वाढवावा आणि ॲम्प खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवावा. जमिनीवरचा ॲम्प पोटऱ्यांना ऐकू येतो आणि आपण उगाच खुंटी वाढवत राहतो.

दोन इशारे. स्पीकर किंवा लोडबॉक्स जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि तो उघडू नका. आत चारशे व्होल्टच्या पुढचा दाब असू शकतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात.

बोरिवलीच्या मुलाने ते बटण दाबावं, जरूर दाबावं. वीस वॉटवर त्याचा ॲम्प जरा आधी फाटेल, जरा मऊ बोलेल, आणि कदाचित तोच स्वर त्याला हवा असेल. काकांच्या झोपेसाठी मात्र ते बटण कुचकामी आहे. त्यासाठी व्हॉल्यूमची खुंटी आहे, अटेन्युएटर आहे आणि हेडफोन आहे. यांतलं काहीच नसेल तर तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये जावं. तिथल्या ॲम्पवर चाळीस वॉटचंच बटण दाबावं आणि कानात बोळे घालायला विसरू नये.